ॲरिस्टोफेनिस स्वतः रंगमंचावर उभा राहायचा का?

एका तरुण रंगकर्मीने विचारलं आहे: "मी एकांकिका लिहितो आणि विनोदी भूमिकाही करतो. ग्रीक नाटककार ॲरिस्टोफेनिस आपल्याच नाटकात क्लिऑन नावाच्या पुढाऱ्याची भूमिका करायला उभा राहिला होता, असं वाचलं. हे खरं आहे का? आणि नट-नाटककार म्हणून त्याची कारकीर्द नेमकी कशी घडली?"

मी तीसेक वर्षं प्रायोगिक आणि लोकनाट्याच्या रंगमंचावर वावरतोय. आधी नट म्हणून, मग नटांनी तालमीला वेळेवर यावं म्हणून आरडाओरडा करणारा माणूस म्हणून. ॲरिस्टोफेनिसची तीन नाटकं मराठीत उभी करण्याचा खटाटोप केला, त्यातलं एक साफ पडलं. त्यामुळे उत्तर देताना थोडा पाल्हाळ होईल, तो सोसा.

ती गोष्ट बहुधा खोटी आहे. पण ती कुठून उगवली हे पाहिलं तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

इ.स.पू. ४२४ च्या हिवाळ्यात, अथेन्समधल्या लेनाया या नाट्योत्सवात, त्याचं 'घोडेस्वार' हे नाटक झालं. त्यात देमोस म्हणजे 'जनता' नावाचा एक बहिरट म्हातारा मालक आहे आणि त्याला लाडीगोडीने गुंडाळून ठेवणारा एक नवा गुलाम आहे. हा गुलाम कातडी कमावण्याच्या धंद्यातला, आणि क्लिऑनच्या घरचा धंदाही कातड्याचाच. सगळ्या अथेन्सला कळत होतं की हा कोण. या गुलामाची एंट्री व्हायच्या आधी दुसरं एक पात्र सोबत्याला धीर देतं. त्याचा मतलब असा: घाबरू नकोस, चेहरा हुबेहूब त्याचा नाहीये, कारण मुखवटे करणाऱ्यांपैकी एकालाही तसा चेहरा करायची छाती झाली नाही. पण लोक ओळखतील त्याला, प्रेक्षक हुशार आहेत.

संहितेत एवढंच आहे. पुढच्या काळातल्या टीकाकारांनी त्याला शेपूट जोडलं: मुखवटा करायला कोणी धजेना, तशी भूमिका करायलाही नट मिळेना, मग खुद्द ॲरिस्टोफेनिसच तोंडाला द्राक्षमद्याचा गाळ फासून उभा राहिला. आजचे बहुतेक अभ्यासक याला कल्पित मानतात. त्या गाळाचंही एक गुपित आहे. ग्रीकमध्ये गाळाला 'त्रुक्स' म्हणतात, आणि त्यावरून कॉमेडीला गमतीने 'त्रुगोदिया' म्हणत, म्हणजे 'त्रागोदिया' (शोकांतिका) या शब्दाची टवाळी. गाळ फासणं हे विनोदी नटाचं पिढीजात लक्षणच मानलं जाई. टीकाकाराने ते उचललं आणि नाटककाराच्या तोंडाला लावलं.

मला विचाराल तर तो संवाद ही नटांच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. 'चेहरा तसा नाही' असं आधी सांगून टाकलं की प्रेक्षक उरलेल्या प्रत्येक हालचालीत तो माणूस शोधायला लागतात. आम्ही एका तालुक्याच्या गावी वग करत होतो. गावातले एक मोठे पुढारी पहिल्या रांगेत, सोफ्यावर. आमच्या सोंगाड्याने त्यांची ना नक्कल केली ना नाव घेतलं. फक्त दर वाक्याआधी खांद्यावरचं उपरणं एकदा सावरलं. तिसऱ्या वेळेला मंडप फुटला. पुढारी सगळ्यांत मोठ्याने हसले आणि स्टेजवर येऊन पाचशे एक रुपये बक्षीस देऊन गेले. हुबेहूब मुखवटा असता तर ही मजा मेली असती.

आता कारकिर्दीकडे. जन्म इ.स.पू. ४५० ते ४४५ च्या आसपास, बापाचं नाव फिलिप्पोस, वस्ती अथेन्समधल्या किदाथेनायोन या भागाची. गंमत म्हणजे क्लिऑनही त्याच वस्तीतला. एका गल्लीतलं वैर किती टोकाला जातं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्या काळी कॉमेडी करणं म्हणजे थेट सरकारी कामात नाव घालणं. नाटककाराने आर्कन नावाच्या अधिकाऱ्याकडे 'कोरस मागायचा'. मिळाला तर शहरातला एखादा श्रीमंत नागरिक खर्चाला नेमून दिला जाई. हा खर्च किती? लिसियस या वकिली भाषणं लिहिणाऱ्याच्या एका अशिलाने कोर्टात हिशेब दिलाय: इ.स.पू. ४०२ च्या सुमाराला एका कॉमेडीवर त्याचे १६ मीना, म्हणजे १६०० द्राख्मा गेले. कोरसमध्ये २४ माणसं. बोलती पात्रं करायला तीन-चार नट, तेच पुन्हा पुन्हा मुखवटे बदलून येणार. पोटाला नि ढुंगणाला गाद्या, खाली लोंबणारं चामडी लिंग. आणि या सगळ्यांना शिकवून उभं करणाऱ्याला म्हणत 'दिदास्कालोस', शब्दशः शिकवणारा. आपल्याकडे त्याला एकच शब्द आहे: तालीम मास्तर.

पहिल्या पिढ्यांत लिहिणारा, शिकवणारा आणि मुख्य भूमिका करणारा एकच असे. शोकांतिकेत इस्किलस स्वतः उभा राहायचा. सोफोक्लिसने आवाज बारीक म्हणून ते सोडलं अशी आख्यायिका आहे. कॉमेडीतला तुमच्या जातीचा खरा माणूस म्हणजे क्रेटिस. तो आधी क्रॅटिनस या दांडग्या विनोदी नाटककाराच्या नाटकांत नट होता, मग स्वतः लिहायला लागला. ॲरिस्टॉटल सांगतो की अथेन्समध्ये व्यक्तीवरची चिखलफेक सोडून रचलेली गोष्ट सांगायला सुरुवात केली ती क्रेटिसने. नट असलेल्या माणसाला व्यक्तीपेक्षा प्रसंग महत्त्वाचा वाटला, याचं मला नवल वाटत नाही. शिवी एकदाच हसवते, प्रसंग दर प्रयोगाला हसवतो.

ॲरिस्टोफेनिस मात्र या वाटेने आला नाही. त्याचं पहिलं नाटक 'मेजवानीकर' इ.स.पू. ४२७ मध्ये झालं, तेव्हा तो विशीच्या आसपास. नाटक कॅलिस्ट्रेटस नावाच्या तालीम मास्तराच्या नावावर उभं राहिलं आणि दुसरं आलं. त्याबद्दल पुढे त्याने 'ढग'मध्ये एक विलक्षण उपमा दिली आहे: मी तेव्हा कुमारिका होतो, मला मूल होऊ देणं शक्य नव्हतं, म्हणून ते टाकून दिलं आणि दुसऱ्या मुलीने उचललं. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या नावावर नाटक गेल्याचं दुःख रडून सांगणारे पुष्कळ भेटतात. असं सांगणारा हा एकच.

पुढच्याच वर्षी 'बाबिलोनी'. हेही कॅलिस्ट्रेटसच्या नावावर, पण या वेळी वसंतातल्या मोठ्या डायोनिसिया उत्सवात. तेव्हा समुद्र मोकळा असे आणि मित्रराज्यांचे लोक खंडणी घेऊन अथेन्सला आलेले असत. परक्यांच्या देखत शहराची नालस्ती केली, अशी तक्रार क्लिऑनने पाचशेंच्या सभेपुढे नेली. तक्रार नाटककारावर होती की कॅलिस्ट्रेटसवर, यावर विद्वानांचा वाद आहे. पण पुढच्या वर्षीच्या 'अखार्नियन्स'मध्ये नायक दिकायोपोलिस खाटकाच्या ठोकळ्यावर मान ठेवून भाषण करायला उभा राहतो, आणि मध्येच म्हणतो: गेल्या वर्षीच्या नाटकापायी क्लिऑनने मला काय भोगायला लावलं, ते मला ठाऊक आहे. सभागृहात ओढत नेलं, खोटंनाटं लावलं, पुराच्या ओढ्यासारखा गरजला.

एका शेतकऱ्याचं पात्र करणारा नट 'मी' म्हणतो, आणि तो 'मी' अचानक नाटककाराचा होतो. यावरून काही अभ्यासक म्हणाले की ही भूमिका ॲरिस्टोफेनिसनेच केली असणार. मला ते पटत नाही. हा प्रवेश मी तालमीत नटाकडून करून घेतला आहे. 'मला' हा शब्द पात्राच्या तोंडून बाहेर पडतो आणि त्याचा मालक दुसराच कोणी निघतो, तेव्हा प्रेक्षकांत जी चुळबुळ होते तिच्यातच सगळी गंमत आहे. लेखक स्वतः बोलत असता तर ते सरळ गाऱ्हाणं झालं असतं. आणि लगेच पुढे तोच माणूस म्हणतो: आज लेनाया आहे, आपण घरचेच आहोत, परके अजून आलेले नाहीत. म्हणजे मागच्या तक्रारीची फिरकी घेतलीच. नाटक पहिलं आलं. हेही कॅलिस्ट्रेटसच्याच नावावर.

स्वतःच्या नावाने कोरस मागितला तो 'घोडेस्वार'साठी. इतका उशीर का, याचं उत्तर नाटकात मधोमध कोरस देतो. या भागाला 'परबासिस' म्हणतात: पात्रं आत जातात, कोरस पुढे सरकतो आणि नाटककाराच्या वतीने थेट प्रेक्षकांशी बोलतो. आमच्या कवीचं म्हणणं असं, कोरस सांगतो, की आधी वल्हं मारावं, मगच सुकाणूला हात लावावा; त्यानंतर नाळेवर उभं राहून वारा ओळखायला शिकावं आणि मग आपलं जहाज आपण चालवावं. तुम्ही कारकीर्द कशी घडली विचारलंत, तर त्याने स्वतःच दिलेलं उत्तर हे.

आणि भीतीही सांगितली आहे. तुम्ही प्रेक्षक दर वर्षी पालटता, म्हातारपणी जुन्या कवींना टाकून देता. मॅग्निसचं पाहा, वीणा वाजवून, पंख फडफडवून, तोंडाला बेडकाचा हिरवा रंग लावून झाला, पण केस पिकल्यावर थट्टा जमेना तसा हाकलला गेला. क्रेटिसने तुमच्या किती शिव्या खाल्ल्या. आणि क्रॅटिनस! एके काळी पुरासारखा वाहायचा, झाडं आणि शत्रू मुळासकट उपटून न्यायचा. आता म्हातारा बडबडत हिंडतो, तहानेने मरतो, आणि तुम्हाला दया येत नाही.

हे दयेचं सोंग फार दुष्ट आहे. कारण क्रॅटिनस निवृत्त झालेला नव्हता. त्याच स्पर्धेत त्याचं नाटक होतं. ते दुसरं आलं, 'घोडेस्वार' पहिलं.

पुढचं वर्ष, इ.स.पू. ४२३, मला या सगळ्या कारकिर्दीतलं सर्वांत शिकवणारं वाटतं. ॲरिस्टोफेनिसने 'ढग' आणलं, सॉक्रेटिसला टोपलीत बसवून हवेत टांगलं. त्याच्या मते हे त्याचं सर्वांत हुशार नाटक. समोर म्हातारा क्रॅटिनस 'पितिने' घेऊन उभा राहिला. 'पितिने' म्हणजे वेत विणलेली दारूची सुरई. नाटकाचा नायक खुद्द क्रॅटिनस. त्याची लग्नाची बायको कोण, तर 'कॉमेडी'. ती काडीमोड मागायला आली आहे, कारण नवरा दारूच्या नादी लागून तिला नांदवत नाही. मित्र जमतात, याला ताळ्यावर आणायचं कसं यावर खल करतात, सुरया फोडून टाकू म्हणतात. नाटक पूर्ण मिळत नाही, तुकडे मिळतात. एका तुकड्यात कोणीतरी ओरडतं: अरे देवा, काय हा शब्दांचा लोंढा, बारा तोंडांचा झरा आहे याच्या तोंडात, घशात नदी आहे, कोणी बोळा घाला रे, नाहीतर सगळं बुडवेल हा कवितांनी!

लक्षात आलं का? पोरगा वर्षापूर्वी म्हणाला होता, तुझा पूर ओसरला. म्हाताऱ्याने पूर परत आणून दाखवला. त्याच्यावरची दारूची चेष्टा नाकारली नाही, सारवासारव केली नाही, ती उचलून तिचंच नाटक केलं. क्रॅटिनस पहिला आला, अमेप्सियस दुसरा, आणि 'ढग' तिसरं, म्हणजे शेवटून पहिलं. आपलं व्यंग कोणी स्टेजवर आणलं की तोंड पाडून बसणाऱ्या आमच्यातल्या काही ज्येष्ठांना मी ही गोष्ट नेहमी सांगतो. ज्यांनी ऐकायला हवी ते ऐकत नाहीत, हा भाग वेगळा.

ॲरिस्टोफेनिसला ते लागलं. त्याने 'ढग' पुन्हा लिहायला घेतलं, परबासिसमध्ये प्रेक्षकांना बोल लावले. आज आपण वाचतो ती हीच न खेळलेली, सुधारलेली प्रत. इ.स.पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसवर खटला झाला, तेव्हा प्लेटोने लिहिलेल्या बचावाच्या भाषणात या जुन्या नाटकाने मनं कलुषित केल्याचा उल्लेख आहे. चोवीस वर्षांपूर्वी पडलेलं नाटक एवढं लक्षात राहिलं! तोच प्लेटो 'सिम्पोझियम'मध्ये ॲरिस्टोफेनिसला सॉक्रेटिससोबत एका मेजवानीला बसवतो, आणि बोलायची पाळी आल्यावर त्याला उचक्या लावतो.

क्लिऑनचं काय झालं? काही झालं नाही. तेव्हा अथेन्सचं स्पार्टाशी युद्ध चालू होतं. 'घोडेस्वार'च्या आदल्या उन्हाळ्यात स्फॅक्टेरिया बेटावर त्याने शत्रूची २९२ माणसं पकडून आणली होती, त्यात सुमारे १२० खरे स्पार्टन होते. त्या पराक्रमाबद्दल त्याला सरकारी खर्चाने जेवण आणि उत्सवात पुढची जागा मिळाली होती. अथेन्सकरांनी त्याची चामडी सोलणाऱ्या नाटकाला पहिलं बक्षीस दिलं, आणि काही आठवड्यांनी त्यालाच सेनापती म्हणून निवडून दिलं. तो गेला इ.स.पू. ४२२ मध्ये, अँफिपोलिसच्या लढाईत.

मधली वर्षं भरभर सांगतो. ४२२ मध्ये 'गांधीलमाश्या', ४२१ मध्ये 'शांती', दोन्ही दुसरी. ४१४ मध्ये 'पक्षी', तेही दुसरंच. आज कित्येक जण त्याला त्याचं सर्वोत्तम मानतात. पहिलं बक्षीस मिळवणारं अमेप्सियसचं नाटक मात्र आज शिल्लक नाही. 'पक्षी'ला आधुनिक काळातही नख लागलं. १९५९ साली अथेन्समध्ये दिग्दर्शक कारोलोस कून यांनी ते केलं, संगीत मानोस हाजिदाकिस यांचं. त्यातला पुरोहित ऑर्थोडॉक्स चर्चच्या ढंगात गायला, गदारोळ झाला आणि सरकारने पुढचे प्रयोग बंद केले. पुढे १९६२ मध्ये त्याच प्रयोगाला पॅरिसला मान मिळाला. परत मागे जाऊ: इ.स.पू. ४११ मध्ये 'लायसिस्ट्राटा' आलं, तुम्हाला ते माहीत असेलच. यातली काही नाटकं कॅलिस्ट्रेटसच्या, काही फिलोनिडिसच्या नावावर. म्हणजे स्वतःचं नाव झाल्यावरही तो दुसऱ्यांकडून नाटकं बसवून घेत राहिला. सुकाणू हातात आल्यावरही सुकाणूला चिकटून बसला नाही. याचा मला हेवा वाटतो. मी अजून प्रकाशयोजनेचा दिवासुद्धा दुसऱ्याला लावू देत नाही.

४०५ च्या 'बेडूक'वर जरा थांबू. अथेन्स युद्धात मेटाकुटीला आलेलं, युरिपिडिस आणि सोफोक्लिस नुकतेच गेलेले. नाटकांचा देव डायोनिसस चांगला कवी परत आणायला पाताळात जातो आणि इस्किलस नि युरिपिडिस यांच्या ओळी तराजूत तोलतो. पण प्राचीन नोंद सांगते की लोकांनी डोक्यावर घेतला तो परबासिस. त्यात कोरस म्हणतो, जुन्या राजकीय चुकांपायी ज्यांचे हक्क काढून घेतलेत त्यांना परत घ्या. नाटक पहिलं आलंच, शिवाय त्या भाषणापायी पुन्हा खेळवलं गेलं. एकदाच होणारे प्रयोग असायचे, त्या काळात हे फार मोठं.

आम्ही 'बेडूक' केलं तेव्हा मी परबासिस कापला होता. प्रयोग लांबत होता, आणि 'प्रेक्षकांना कंटाळा येईल' असं मीच ठरवलं. तेच ते साफ पडलेलं नाटक. बेडकांचं डराव-डराव जमलं, तराजूचा प्रवेश हशा घेऊन गेला, पण घरी जाताना लोकांच्या हाती काही नव्हतं. माझ्या एका जुन्या नटाने मेकअप पुसता पुसता विचारलं, "सर, यातला माणूस बोलतो कुठं?" मी गप्प बसलो.

तर तुमचा मूळ प्रश्न. तो कदाचित एकदाही मुखवटा घालून उभा राहिला नसेल. 'घोडेस्वार'मध्ये कोरस म्हणतो की टाळ्या द्या, म्हणजे आमचा कवी चमकत्या कपाळाने घरी जाईल. टकलावरचा विनोद आहे तो. म्हणजे लोक त्याला ओळखत होते, तो तिथेच कुठेतरी होता, आणि बोलत होते दुसरेच: कॅलिस्ट्रेटस, दिकायोपोलिस, चोवीस जणांचा कोरस. तुम्ही स्वतः लिहिता आणि स्वतःच उभे राहता, तर एकदा तुमची भूमिका दुसऱ्याला देऊन अंधारात बसून पाहा. कुठली वाक्यं फक्त तुमच्या चेहऱ्यामुळे चालत होती ते लगेच कळेल. मी चाळिशीत केलं, तुम्ही लवकर करा.

युद्ध हरल्यावर अथेन्स बदललं आणि कॉमेडीही. इ.स.पू. ३८८ चं 'प्लुटस' हे त्याचं आपल्यापर्यंत आलेलं शेवटचं नाटक. चाळीसेक नाटकांपैकी अकरा उरली आहेत. त्यानंतरची शेवटची दोन त्याने मुलाच्या, आरारोसच्या नावावर रंगमंचावर आणली. पोराचं नाव व्हावं म्हणून, असं म्हणतात. सुरुवात दुसऱ्याच्या नावावर झाली होती, शेवटही तसाच झाला.

'प्लुटस'ची ग्रीक संहिता हाती आली तर एक गोष्ट पाहा. परबासिस नाहीच. दोन प्रवेशांमध्ये जिथे पूर्वी कोरस पुढे येऊन कवीच्या वतीने शहराला चार शब्द सुनावायचा, तिथे हस्तलिखितांत काही ठिकाणी ओळी नाहीत. फक्त एक शब्द लिहिलेला आहे: 'खोरू', म्हणजे 'कोरसचं'.